निर्गुडीची वाफ आणि आईची चतुर्थी

२ डिसेंबर, मंगळवार

समोरचं माणूस आपल्याच घरातलं असेल, तर त्याला दारातून परत पाठवता येतं का? मला माहीत नाही. शाहीन मॅडमना विचारलं. हसल्या. "मेरे कू बी नईं मालूम. म्हणून तर वही ठेवली. वहीला नातं नसतं."

वही बान्याची, म्हणजे मॅडमच्या रशियन पद्धतीच्या वाफेच्या खोलीची. आत जाणाऱ्या प्रत्येकीचं बीपी, चालू औषधं, शेवटचं खाणं. उपाशी नको, भरपेट जेवूनही नको. रकाने भरल्याशिवाय दार उघडायचं नाही.

मॅडम महिनाभर बहिणीकडे हैदराबादला जाणार. बायकांचा रविवार माझ्यावर सोपवायचं त्यांच्या मनात आहे. येत्या रविवारी त्या बाहेर बसणार, आतलं सगळं मी. नीट झालं तर किल्ली माझ्याकडे.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी बाभळीची लाकडं रचली. दुपारी निर्गुडीच्या जुड्या बांधल्या. रशियात बर्चच्या डहाळ्या वापरतात. इथं बर्च कुठला. निर्गुडी बांधाबांधावर आहे, नि तिच्या पाल्यानं शेकायचं हे आपल्या बायकांना शिकवावं लागत नाही. टोप्यांचंही तसंच. तिथं लोकरीच्या, इथं जुन्या घोंगडीच्या. अकरा शिवल्या. डोक्याला थेट ऊन लागू नये तशीच थेट वाफही लागू नये.

मॅडम तिकडे डॉक्टरकी शिकल्या. परत येऊन उस्मानपुऱ्यात दवाखाना, आणि दौलताबादच्या पुढं वडिलांच्या प्लॉटवर ही लाकडी खोली. लोक म्हणाले होते, मराठवाड्यात एप्रिल-मे फुकट मिळतो, वाफ कशाला पाहिजे.

आज पुन्हा म्हणून दाखवलं: पहिली फेरी खालच्या बाकावर, पाच मिनिटं. बाहेर, बसायचं, पाणी प्यायचं. मग अंगाला बरं वाटत असेल तरच दुसरी. दगडांवर एका वेळी एकच ओगराळं पाणी, तोंड बाजूला. गार पाणी आधी पायावर. डोकं हलकं झालं की लगेच बाहेर, लाजायचं नाही.

तीनदा चुकले. तिन्ही वेळा मॅडमनी न चिडता पहिल्यापासून सांगितलं. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत इतकं शांतपणे कुणी शिकवलं नव्हतं.

६ डिसेंबर, शनिवार

आईला फोन. ती गावच्या शाळेत खिचडी शिजवते. सकाळभर उभी. गुडघे गेलेत.

"त्या रशियाला माझं गुडघं काय ठावं?"
"ये तर खरं."
"कापडं काढाया लावलीस तर तशीच माघारी जाईन बघ."
"गाऊन असतो आई."
"मग येते."

माझी फार इच्छा आहे. वेरूळ बघायला आलेल्या बायका इथं येऊन हात-पाय सैल करून जातात. आईसारखीनं एकदा तरी बसावं. ती जन्मभर धुरापुढं बसली, वाफ तिच्या वाट्याला कधी आलीच नाही.

फोन ठेवल्यावर कॅलेंडर पाहिलं. उद्या संकष्टी. आई धरते. पुढच्या रविवारी तिला मावशीकडे लग्नाला जायचंय. त्यानंतर मॅडम नसतील, आणि मॅडमनी आईला भेटावं असं मला वाटत होतं.

पुन्हा फोन केला नाही.

७ डिसेंबर, रविवार

लिहायला नको वाटतं, तरी लिहिते.

बीपी घेतलं, ठीक होतं. शेवटचं खाणं: मी विचारलंच नाही. 'सकाळी पोहे' लिहिलं. आई शेजारीच होती.

खालच्या बाकावर पाच मिनिटं. घोंगडीच्या टोपीत ती इतकी गोड दिसत होती. गुडघ्यांवर निर्गुडी हलकी दाबली. डोळे मिटून म्हणाली, "तुझ्या वक्ताला बाळंतिणीच्या खोलीत आयनं असंच शेकलं व्हतं. लई बरं वाटतंय गं." बाहेर आणलं, पाणी दिलं. एकच घोट घेतला. तेव्हाच थांबायचं होतं. मी तिला वरच्या, जास्त गरम बाकावर नेलं. चांगलं ते सगळं तिला मिळावं म्हणून.

उतरताना पाय गेले. मी धरलं, डोकं आपटलं नाही. बाहेर ओढून आडवं केलं, पाय स्टुलावर, ओला पंचा. हाक मारली. मॅडम धावत आल्या, नाडी धरली. अर्ध्या मिनिटात आईनं डोळे उघडले.

"चंद्र उगवला का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. "अम्मा, चतुर्थी?"
"व्हय. सकाळधरनं निस्ता च्या हाय पोटात."

लिंबूपाणी आणलं. आईनं तोंड फिरवलं. "मीठ असंल त्यात."
"सैंधव है अम्मा, उपवासाचं. तुमच्यासारख्या येतात म्हणून ठेवलंय."

मग प्यायली. दोन तास झोपवून ठेवलं, तीनदा बीपी घेतलं. मॅडमनी स्वतःच्या गाडीतून गावापर्यंत सोडलं. आईनं त्यांना घरात बोलावून पाट दिला, चहा दिला. चंद्र दिसल्यावर जेवली. मी तिच्या पायाशी बसून होते. देवा, कुठलं पुण्य होतं हे.

८ डिसेंबर, सोमवार

आई शाळेत गेली. फोनवर हसत होती. "बायांना सांगितलं, रशियात जाऊन आले म्हणून. पुन्यांदा कधी नेतीस?"

मॅडम वहीतले पोहे वाचून म्हणाल्या, "तू घाबरली नाहीस. बराबर किया सब. अम्मी लोक असंच करतात, खोटं सांगतात खाल्लं म्हणून. परवा किल्ली देते."

मी मान हलवली. आई खोटं बोललीच नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.



९ डिसेंबर, मंगळवार

किल्ली घेतली असती तर पुढच्या रविवारी कुणाच्या तरी आईपुढं ती वही उघडून 'शेवटचं खाणं?' कुठल्या तोंडानं विचारलं असतं?

म्हणून सकाळी पहिल्या बसनं उस्मानपुऱ्यात आले. दवाखाना नुकताच उघडला होता. उभ्यानंच सांगितलं: मला चतुर्थी माहीत होती, मी विचारलं नाही, पोहे मी माझ्या मनानं लिहिले. आईचा दोष नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बैठो," म्हणाल्या. तेवढ्यात पेशंट आला, त्या आत गेल्या.

मी बाहेरच्या बाकावर बसले आहे. हे तिथंच लिहिते आहे.