नोव्हेंबरात कुणीच हरत नाही

अण्णा,

रविवार आहे, दुपारचे साडेचार वाजलेत आणि इथे जर्मनीत, एर्लांगेनात, आत्ताच अंधारून आलंय. चौघांच्या सामाईक स्वयंपाकघरात बसलोय, शेगडीवर बटाटे उकडतायत. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आज संध्याकाळी तुम्हाला फोन करायचं मी लोकांना कबूल करून आलोय. कसं ते सांगतो. मधेच भरकटलो तर चिडू नका, ती खोड काही गेली नाही.

उन्हाळ्यात मी इथे ऑस्ट्रेलियातला फुटबॉल खेळतो. चेंडू अंड्यासारखा, हातानं झेलायचा, पायानं मारायचा, आणि गोल थोडक्यात हुकला तरी एक गुण देतात. हुकल्याबद्दल! तुम्ही पंच असतात तर शिट्टी टेबलावर ठेवून घरी निघून गेला असतात. शिकायला नाहीतर नोकरीला आलेले दहाबारा ऑस्ट्रेलियन, आणि गडी कमी पडतात म्हणून माझ्यासारखे. हिवाळ्यात मैदान बंद, तिकडचा हंगामही संपलेला, मग रविवारी स्टेशनजवळच्या बिअरच्या दुकानात नुसत्या गप्पा. दुकान म्हणजे तसलं नाही हो, तिथे आजीआजोबासुद्धा सूप प्यायला येतात. आमच्यात एक लांब्या आहे, विद्यापीठात संशोधन करतो. एक बाई इंग्रजी शिकवते, तिला सगळे मिस म्हणतात. लांब्याचा लाडका संघ यंदा तळाला गेला, तरी त्याची मिजास बघावी. "आमच्या कॅप्टनचा गुडघा बरा झालाय. घोड्यासारखा पळतोय. पुढचं वर्ष आमचं!" मिस म्हणते, "मागच्या नोव्हेंबरातही घोडाच होता तो. एप्रिलमध्ये कळलं, लाकडाचा आहे." "तू बोलूच नकोस! तुम्ही चांगला पोरगा घालवलात आणि चौतीस वर्षांचा गडी आणलात." "अनुभव म्हणतात त्याला." "आमच्या घरी आजोबा म्हणतात." असं दोनदोन तास चालतं. नोव्हेंबरात कुणीच हरत नाही, अण्णा. मी त्या टेबलाशी जातो तो त्यासाठीच.

त्या लोकांत संघ बापाकडून येतो, आपल्याकडे कुलदैवत येतं तसा. पहिल्याच दिवशी लांब्यानं विचारलं, "तुझा म्हातारा कुणाच्या बाजूचा?" मी म्हणालो, "अजून ठरवतोय तो." झालं. तेव्हापासून दर रविवारी, "काय म्हणतो म्हातारा?" आणि मी ठोकून देतो, म्हातारा म्हणतो तुमच्या मैदानात पंच जास्त आणि नियम कमी. हसतात सगळे. दोन हिवाळे मी तुम्हाला तिथे बोलतं ठेवलंय. कबड्डीत गडी जिवंत करायला समोरचा एक बाद करावा लागतो. मी तेवढंही केलं नाही, नुसतं खोटं बोललो.

आज त्यांनी बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर आमच्याच संघाची यादी काढली, पुढच्या उन्हाळ्यात कोण राहणार आणि कुणाला नारळ द्यायचा. लांब्या म्हणाला, "मिसला नारळ. हिच्या व्हिसाचा काय भरवसा?" मिस हसत सुटली. "मेट, मागचा अख्खा हिवाळा मी फिक्त्सिओनवर काढलाय!" आणि तिनं सांगितलं, अर्जाचा निकाल लागेपर्यंत परदेशी लोकांच्या कचेरीत एक दाखला देतात, त्याच्या नावातच फिक्त्सिओन हा शब्द आहे. म्हणजे तुमची परवानगी अजून चालू आहे असं धरून चालायचं. तो कागद जवळ असला की कुणी हात लावत नाही.

अण्णा, तो शब्द माझ्या पत्रात होता. सप्टेंबरात कचेरीचं पत्र आलं, भाषेच्या कोर्सचा दाखला घेऊन अमुक तारखेच्या आत या. कोर्स मी मार्चमध्येच सोडलेला, फॉर्मवर मात्र "चालू आहे" लिहिलेलं. माझं जर्मन म्हणजे बेकरीत पाव मागण्यापुरतं. पत्रात फिक्त्सिओन दिसलं आणि मला वाटलं, फिक्शन, म्हणजे बनवाबनवी, म्हणजे पकडलं यांनी. पत्र बुटांच्या खोक्यात टाकलं आणि गेलोच नाही. ज्या कागदानं मी इथे राहिलो असतो, त्याच्याच नावाला घाबरून लपलो. मुदत संपून आज नऊ दिवस झाले. आईला वाटतंय कोर्स संपवून मी कॉलेजात जातो. परत पाठवलं तर कुठल्या तोंडानं तिच्या दारात उभा राहू?

आणि नेमकं तेव्हाच लांब्या पेन्सिल रोखून विचारतोय, "मागचा डावा कोपरा तुझा. आहेस ना पुढच्या वर्षी?" "गेनाऊ," म्हणालो, म्हणजे जर्मनमध्ये अगदी बरोबर, आणि मला रडू फुटलं. भर दुकानात, शेजारी आजीआजोबा सूप पितायत. लांब्यानं पुठ्ठा उलटा करून ठेवला. मिसनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "उद्या आठला दार उघडतं. मी येते बरोबर. पण कोर्स सोडल्याचं तू सांगायचंस, तुझ्या तोंडानं. मग काय होईल ते मलाही माहीत नाही. आणि आज म्हाताऱ्याला फोन कर. असलं बापाला आधी सांगायचं असतं. काय म्हणाला ते मला मेसेज कर." मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

सातवीतली तालुक्याची कबड्डीची मॅच आठवते, तुम्ही पंच होतात ती? माझी टाच रेषेबाहेर गेली होती, कुणी पाहिलं नव्हतं, मी गुपचूप आत उभा. तुम्ही शिट्टी मारली. घरी येताना सायकलच्या दांड्यावर मी फुगून बसलेलो, आणि तुम्ही मागून म्हणताय, "बाद झालं की हात वर करून बाहेर जायचं. बाहेर बसलेला कधीतरी जिवंत होतो रे. लपलेला होत नाही." तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. आता वाटतं नऊ दिवसांपूर्वी कुणी शिट्टी मारली असती तर.

बटाटे फुटले, पाणी सगळं पांढरं झालं. जेववत नाहीये तरी सोलतोय. हे पाकिटात घालणार नाही, कुठे पाठवू? मघाशी मिसचा मेसेज आला, "काय म्हणाला?" रोमन लिपीत उत्तर पाठवलं, दोनच अक्षरं, आपलं "जा". ती ते जर्मन समजून "या" वाचेल, म्हणजे हो. मला ते मराठीत वाचायचं होतं. तुम्ही म्हणाला नाहीत, अण्णा. मीच लिहिलं.