ताईच्या हातचं इंजिन

२ जानेवारी

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

काल तुझं इंजिन पहिल्यांदा बोललं! अप्पांच्या जुन्या स्पोर्ट्स कारला नाकं मुरडणाऱ्यांना आता ऐका म्हणावं. चारही पिस्टन सराफाच्या काट्यावर तोलून, घासून एका वजनाला आणले. हवा आत जाते त्या वाटा हातानं गुळगुळीत केल्या. अकरा दिवस गेले, मनगट अजून ठणकतंय. ताकद चांगलीच वाढलीय, म्हणून एकच सांगते. पहिले आठशे किलोमीटर सावकाश. नवे भाग एकमेकांत रुळले नाहीत तर एकमेकांना खातील. शर्यत त्यानंतर. तू दूध निवायचीही वाट न बघणारा, म्हणून बजावतेय.

वहिनीला आठवण सांग. लोभ आहेच, तो जप.
— ताई

१९ जानेवारी

ती. ताईस, धाकट्याचा सा. न.

पहिला आलो! मासिकाचं कात्रण सोबत आहे. इंजिन मी स्वतः बांधलं असं त्यात आलंय. बातमीदार घाईत होता, कुठे लांबण लावत बसू, म्हणून हो म्हटलं. तू मनाला लावून घेणार नाहीस. नाव शेवटी घरातलंच ना! येत्या रविवारी घाटातली शर्यत. तुझी वहिनी नकाशा घेऊन शेजारी बसणार आहे.

माया असू दे.
— धाकटा

२३ जानेवारी

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

कात्रण तीनदा वाचलं. तू पाना उलटा धरतोस हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार! हसले, मग कात्रण अवजारांच्या डब्यात ठेवून दिलं. ते जाऊ दे. आठशे झाले का? हो की नाही, एवढंच कळव.
— ताई

६ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

उत्तराला उशीर झाला. घाटातल्या वळणावर इंजिन जागच्या जागी जाम झालं आणि गाडी उलटली. मला खरचटलं, हिचा पाय दोन ठिकाणी मोडला. शर्यत भरवणाऱ्या क्लबनं चौकशीत इंजिन कोणी बांधलं विचारलं, मी तुझं नाव सांगितलं. खरंच आहे ना ते? त्यांनी तुझं वर्कशॉप त्यांच्या मान्य वर्कशॉपांच्या यादीतून काढलंय, पण लोक विसरतात गं. तू फक्त बांधताना माप चुकलं असं लिहून दे, नाहीतर दोष माझ्या चालवण्यावर येईल. माझा परवाना गेला तर गाडी शिकवायची नोकरीही जाईल. इंजिन पाठवलंय, तेवढं बघ.

रागावू नकोस.
— धाकटा

२० फेब्रुवारी

धाकट्यास,

इंजिन उघडलं. सिलिंडर आतून ओरबाडून निघालेत. पाचशेला बदलायचं तेल मी भरलेलं तेच आहे, म्हणजे पाचशेही झाले नसावेत. दवाखान्यात वहिनीला विचारलं. ती म्हणाली, घाटातल्या शर्यतीच्या सकाळी जेमतेम दोनशे दहा झाले होते. तिनं तुला अडवलं, तर तू म्हणालास, ताई उगाच घाबरवते.

तुला खोटं पाडायचं ठरवूनच मी गेले होते. पण तिनं माझा हात धरला. पाय धड होईल की नाही माहीत नाही, त्यात तुझी नोकरी गेली तर आम्ही खायचं काय, असं विचारलं.

काल क्लबला लिहून दिलं. माप माझं चुकलं, असं. तीस वर्षांत ते एकदाही चुकलेलं नाही. सकाळपासून दोन गिऱ्हाइकं आपापली इंजिनं परत घेऊन गेली. मीच ती उचलून गाडीत ठेवायला हात लावला.

हे तुझ्यासाठी केलेलं नाही. तुझं इंजिन दाराशी ठेवलंय. न्यायला माणूस पाठव. तू येऊ नकोस.
— ताई