ईडलिंबू, चहाचे स्कोन आणि तुझा स्विमिंग पूल

लाईन आळी, पनवेल
गुरुवार, दुपार

चिरंजीव निकेशला ताईचे पुष्कळ आशीर्वाद (रागावले असले तरी आशीर्वादात काटछाट केलेली नाही, निर्धास्त घे).

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या भाऊजींचा गुडघा अधूनमधून दुखतो, विशेषतः पिठाची गिरणी म्हटलं की. तुझ्या पाठीचं काय? पट्टा बांधतोस की गाडीच्या मागच्या सीटवर टाकून त्यालाच फिरवून आणतोस? पनवेलहून कामोठ्याला कुणी पत्र पाठवतं का, असं तू म्हणशील. रिक्षात बसलं की माणूस पोचतं. पण मी फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस (रविवारी सकाळीसुद्धा मीटिंगमध्ये असणारा तू आपल्या घराण्यातला पहिलाच), आणि घरच्या ग्रुपमधून तर तू बाहेरच पडलास. पत्राचं बरं असतं. ते मधेच कापता येत नाही.

तर विषय तोच, नेऱ्याच्या जागेतलं ईडलिंबाचं झाड. तुला तिथे स्विमिंग पूल खणायचाय, म्हणजे शनिवार-रविवार मुंबईची माणसं भाडं भरून डुंबायला येतील. माझं म्हणणं एवढंच की पूल खण, हवं तर समुद्र आण, पण झाडाला हात लावू नकोस. त्यावर तू गणपतीत, आरती संपल्या संपल्या (माझ्या हातात अजून तबक होतं, नाहीतर तेव्हाच उत्तर दिलं असतं) म्हणालास की ताई, त्या झाडाचा उपयोग काय? लोणचं. ते खाणार कोण? मला बीपी, भाऊजींना बीपी, तुला बीपी. ज्या दिवशी त्या फळाचं लोणच्याशिवाय खाण्यालायक काही करून दाखवशील, त्या दिवशी पूल जागेच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या पंपाकडे सरकवीन. हे तू तुझ्याच बायकोसमोर, मनिषासमोर बोललास, तेव्हा मी तसं म्हणालोच नाही हा तुझा नेहमीचा मार्ग बंद आहे. आता त्या जागेत बाबांनी काय काय लावलं होतं ते तुला आठवणार नाही, तू लहान होतास. चिकू, नारळ, दालचिनी, एकदा तर सफरचंद. सगळं मेलं. शेकडो मुलं वाढवलेल्या मास्तरांच्या हाताला झाड म्हणून लागत नव्हतं. हे एकच जगलं, आणि तेसुद्धा लावलेलं नव्हे, सरबताच्या बिया फेकल्या तिथे आपलं आपण उगवलेलं. पण बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून तिथे न्यायचे आणि 'हे मी लावलं' म्हणून सांगायचे, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. मला ते झाड हवंय. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

सरबत करून दाखवावं तर ते 'खाण्यालायक' नव्हे 'पिण्यालायक' आहे अशी वकिली तू केली असतीस. म्हणून मी बंगळुरूला अनुयाला फोन लावला. आमची लेक नोकरी करते कॉम्प्युटरची आणि बघते दिवसभर स्वयंपाकाचे व्हिडिओ. तिने सुचवलं, चहाच्या चवीचे स्कोन आणि वरून लिंबाच्या रसातल्या साखरेचा लेप. (स्कोन म्हणजे इंग्रज लोक चहाबरोबर खातात ते. बिस्किटाचा थोरला आणि पावाचा धाकटा भाऊ समज.) तुझे भाऊजी म्हणाले, चहाबरोबर खायचं त्यात पुन्हा चहाच कशाला, पोळीबरोबर आपण कणीक खातो का? पण ज्याला उत्तर नाही असे प्रश्न विचारणाऱ्या माणसाबरोबर मी इतकी वर्षं काढली आहेत, तेव्हा तिकडे लक्ष न देता मी नेऱ्याला जाऊन पिशवीभर फळं घेऊन आले. आपल्या जागेवर लक्ष ठेवणारी वेणू फळं तोडताना म्हणाली, "आमी काय बोलनार ताई, दादांची जागा हाय. पन तुमी बगा कायतरी." मी म्हटलं, बघतेच.

ओव्हन आमच्याकडे नाही. तो शेजारच्या मुबीनाकडे आहे, तिच्या नवऱ्याने, फुजैलने कुवेतहून येताना आणलेला, चांगला पेटीएवढा. मुबीना त्यात तवे आणि पातेल्यांची झाकणं ठेवते. (ओव्हनचा हाच उपयोग मी आजवर सगळ्या घरांत पाहिला आहे, तिला हसू नकोस.) तिने झाकणं काढून ओव्हन तर दिलाच, वर स्वतःही आली, कारण तिला तो चालताना एकदा बघायचा होता. त्याच्या प्लगला चौकोनी दांडे, आपल्या भिंतीला गोल भोकं. तुझे भाऊजी कन्व्हर्टर आणायला गेले ते वाटेत दोन मित्र, एक चहा आणि महापालिकेचं राजकारण उरकून आले. मग प्लग लावून ते हातात लाटणं घेऊन बाजूला उभे राहिले, कुणाला शॉक लागला तर लाकडाने ढकलायला. मुबीना म्हणाली, "भाऊजी, शॉकनं नाही, तुमच्या लाटण्यानंच आधी कुणीतरी जाईल." मग ते बसले.

पहिला घाणा माझ्या सवयीने बिघडवला, हे मी मोकळेपणाने लिहिते. कृतीत लिहिलं होतं की लोणी थंडगार घ्या आणि पीठ फार मळू नका. आता मला सांग, मैद्यात मोहन घालायचं ते कडकडीतच, हे आईने मला शंकरपाळ्यांच्या वेळी हातावर पळी मारून शिकवलंय. ते मी अनुयाच्या मोबाइलवरच्या बाईचं ऐकून सोडू? लोणी चांगलं कढवून ओतलं. आणि 'फार मळू नका' म्हणजे काय? अर्धवट मळलेली कणीक मला बघवत नाही. मी ती तिंबली, तेलाचा हात लावून तिंबली, झाकून ठेवून पुन्हा तिंबली, इतकी की मुबीनाने तिला बोट लावून "मखमल!" म्हटलं. त्या मखमलीचं ओव्हनमध्ये जे झालं ते मी तुला पाठवू शकले असते, तुझ्या पुलाची फरशी झाली असती. शिवाय त्यात चहाचा थेंब नव्हता. कारण दुधात चहाची पूड टाकून झाकून ठेवा असं असताना मी आपल्या रीतीने आलं ठेचून, गवती चहा टाकून, तीन उकळ्या आणून ओट्यावर निवत ठेवला, आणि तुझ्या भाऊजींनी तो गाळून पिऊन टाकला. ओट्यावर चहा दिसला की तो आपलाच, हा या घरातला कायदा आहे. वर म्हणाले, आज साखर बेताची होती, छान.

बुधवारी दुसऱ्यांदा बसले तेव्हा मी चिडलेली होते, हे ध्यानात ठेव, कारण पुढचं सगळं यश त्या चिडण्यातून आलं. पुन्हा चहा उकळून गाळला. पुन्हा निवत ठेवला. पुन्हा हे गुडघा दुखत असूनही मांजराच्या पावलांनी स्वयंपाकघरात आले. मी म्हटलं, थांबा, आता बघते कसा पिता, आणि शेजारी पडलेलं अर्धं ईडलिंबू उचलून त्या चहात पिळलं. बिया-बियांसकट. ते आल्या पावली परत गेले, आणि दुधाच्या चहात आंबट पिळल्यावर जे व्हायचं तेच झालं. सगळा फाटला. मुबीनाने कपाळाला हात लावला. टाकून दे म्हणालीसुद्धा. पण फाटलेलं दूध टाकायचं हे आपल्या घरात कुणी ऐकलंय का? फाटलं की कणकेत, हे हातांनाच माहीत असतं. डोकं 'झाड गेलं, झाड गेलं' करत होतं आणि हातांनी बिया वेचून तो फाटका चहा मैद्यात ओतलासुद्धा (या खेपेला लोणी फ्रिजमधलं होतं, कढवायला उत्साहच उरला नव्हता). आता नेटाने तिंबायला घेणार एवढ्यात बेल वाजली.

दारात तुझी बायको. तू माझ्याशी बोलत नाहीस म्हणून तुझा निरोप ती आणते, ही काय पद्धत आहे रे? निरोप असा की बाळूचा जेसीबी शनिवारी सकाळी येतोय, ताईला सांगून ठेव. मनिषाने तो सांगितला आणि लगेच खाली बघितलं. मला काय वाटलं ते लिहीत नाही. पाहुणी आल्यावर पिठात हात घालून बसता येत नाही, म्हणून तो गोळा जसा होता तसा, खडबडीत, अर्धा कोरडा, मी ताटात थापला, शंकरपाळ्यांच्या कातण्याने त्रिकोण पाडले आणि ओव्हनमध्ये ढकलून मोकळी झाले. मग आम्ही तिघी बसलो. तुझ्या भाऊजींनी कुणी न सांगता सगळ्यांना पाणी आणून दिलं, त्यावरून प्रसंग ओळख.

आणि निकेश, वास आला! आधी लोण्याचा, मग गवती चहाचा, मग बाबा सरबत करताना साल घासायचे ना, तो. मुबीना उठून ओव्हनच्या काचेला नाक लावून बसली आणि ओरडली, "ताई, या अल्ला, फुगले!" फुगले होते. एकेक त्रिकोण दुप्पट उंच, कडा सोनेरी, मधोमध तडा गेलेला, अगदी मोबाइलवरच्या बाईसारखे, किंबहुना तिचे जरा बसकेच होते. फाटक्या दुधाने, न मळलेल्या पिठाने आणि माझ्या रागाने जे करून दाखवलं ते पस्तीस वर्षांच्या सुगरणपणाला जमलं नव्हतं. पिठीसाखरेत ईडलिंबाचा रस घालून दाट लेप केला, साल किसून टाकली आणि गरम गरम स्कोनवर ओतला. तो कडांवरून ओघळला आणि बघता बघता काचेसारखा वाळला.

मनिषाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तुझी बायको माझ्या कुठल्याही पदार्थाला 'छान' यापलीकडे गेलेली नाही, हे तुलाही माहीत आहे. तिने तो संपवला. दुसरा संपवला. तिसरा हातात घेऊन म्हणाली, "ताई, हे कशाचं आहे?" मी म्हटलं, शनिवारी पडणार आहे त्या झाडाचं. ती एकदम रडायलाच लागली, आणि मग मीही, आणि मुबीना तर आमच्या आधीच लागली होती. तुझे भाऊजी रडले नाहीत. त्यांनी तेवढ्यात चार खाल्ले.

तेव्हा आता रीतसर कळवते की तुझी अट पूर्ण झालेली आहे. लोणचं नव्हे, सरबत नव्हे, खाण्यालायक आहे, आणि साक्षीदार तुझ्याच घरातला आहे. मी जिंकले. हे वाक्य लिहिताना इतकं बरं वाटतंय की पुन्हा लिहिते: मी जिंकले. पाठीला जप, औषधं वेळेवर घे आणि हरल्याचं फार मनावर घेऊ नकोस, लहानपणी कॅरममध्येही तू हरायचास आणि तरी मोठा झालासच.

तुझी (आणि झाडाचीही)
सुनीताताई

ता. क. : तुझे भाऊजी म्हणतात, लिहितेस तर खरं ते लिही. बरं. मनिषाने चौथा स्कोन ईडलिंबाच्या लोणच्याबरोबर खाल्ला आणि तोच सगळ्यांत चांगला लागला म्हणाली. मीही तसाच खाऊन बघितला. खरंच चांगला लागतो. पण अट तिसऱ्या स्कोनलाच पूर्ण झाली होती, चौथा मोजायचा नाही.

ता. क. २ : मनिषाने तुला अजून सांगितलं नसेल. तिने इथूनच बाळूला फोन करून शनिवारचा जेसीबी पंपाच्या बाजूला खणायला सांगितलाय, आणि तिच्या भिशीच्या पंचवीस बायकांना येत्या रविवारी नेऱ्याला झाडाखाली स्कोन खायला बोलावलंय. आता झाड तोडायचं असेल तर माझ्याशी नव्हे, त्या पंचवीसजणींशी बोल.

ता. क. ३ : खरं काम हे की माझ्याकडे आता एकही फळ उरलेलं नाही, आणि वेणूचा हात वरच्या फांद्यांना पोचत नाही. पत्राबरोबर स्टीलच्या डब्यात तुझ्यासाठी सहा स्कोन ठेवलेत (मनिषा ते न्यायला आज संध्याकाळी पुन्हा येतेय, रिक्षात उघडणार नाही अशी आशा). डबा कुणाचाही रिकामा परत करायचा नाही हे आईने आपल्या दोघांनाही शिकवलंय. तो ईडलिंबांनी भरून शनिवारी आणून दे. काटे मोठे आहेत, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. आणि मनिषाच्या हाती पाठवू नकोस, तू ये. गणपतीपासून तुला बघितलेलं नाही.