एका टोकानं बांधलेलं पेप्टाइड

सर,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून तिच्यावर जळते. ती म्हणजे तुमची दर्यापूरची विद्यार्थिनी, माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची ती. तुम्ही असताना हे बोलायची हिंमत झाली नाही.

अकोल्याच्या प्रयोगशाळेतले ते तीन महिने आठवतात. शेळ्यांच्या रक्तात एका आजाराच्या अँटिबॉडी आहेत का, ते ओळखायचं होतं. बाहेरून बनवून आणलेलं पेप्टाइड, म्हणजे त्या जंतूच्या प्रथिनाचा छोटा तुकडा, मी प्लेटच्या खळग्यांत घालायची, धुवायची, मग आजारी शेळीचं सीरम घालायची; अँटिबॉडी त्याला चिकटल्या की शेवटी निळा रंग यायला हवा, आणि रंग म्हणून येत नसे. "हात हलका ठेव, सगळं वाहून जातंय," तुम्ही म्हणायचात. हात हलका ठेवून ठेवून माझा खांदा भरून आला. आणि एक दिवस ती डबा खाता खाता म्हणते, "सर, हे प्लेटले आडवं चिकटून राहिलं. ओळखाचा भाग खाली दबते. आमचे बाबा सांबाराची जुडी मुळाकडून बांधतेत, पानं मोकळी. याले बी एका टोकानं बांधून पाहू ना." तुम्ही जेवण अर्धं टाकून उठलात. टोकाला सिस्टीन हे अमिनो आम्ल जोडलेलं पेप्टाइड मागवलं, त्या सिस्टीनलाच धरून ठेवणारी प्लेट आणवली, आणि खळगे निळे झाले. तुम्ही तिला स्वतःचं पिपेट दिलंत. मी टाळ्या वाजवल्या आणि पोटात नुसतं दुखत होतं. आमच्या वकील-मास्तरांच्या घरात तिचा तो सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून आयती पुढ्यात यायची, मला कुठून सुचणार होतं?

आता मी अमरावतीला हीच पद्धत शिकवते. ही युक्ती कोणाची, असं मुलं विचारतात. मी सांगते, आमच्या सरांची. त्यांना ती माझी गुरुभक्ती वाटते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. प्रयोगशाळेतल्या पद्धतींची एक पुस्तिका निघते आहे आणि त्यातलं या युक्तीचं पान मी लिहिते आहे, हे तिला कळलं होतं. "माझं नाव टाकशीन ना वो? बाबा आता लय थकले, त्याइले दाखवतो." मी हो म्हणाले.

पान काल छापायला गेलं. त्यावर तुमचं नाव आहे, सर. तुम्ही असतात तर तिथल्या तिथे खोडलं असतंत. नाही आहात, म्हणून तर मला तुमचं नाव सोयीचं पडलं. छापखानेवाला आज संध्याकाळपर्यंत बदल करून देतो म्हणालाय. त्याला फोन करायचा सोडून मी कुठेही न जाणारं हे पत्र लिहीत बसले आहे.