न धुतलेली जखम

१० एप्रिल १९८३

टँकरपाशी बोललो. "बायांनो, जिल्हा झाला, पाट्या लागल्या, कलेक्टर आले. तुमची घागर मात्र कोरडीच!" टाळ्या पडल्या. मग नियम घालून दिला — घराला दोन घागरी, त्या फक्त पिण्या-रांधण्याला. भांडी राखेनं. जी तांब्याभर वाया घालवील तिची पाळी बंद. शिवगंगाअक्का, माझी थोरली बहीण, पुढेच उभी होती. मान डोलवत होती.

१३ एप्रिल

लातूर. पाण्याच्या मोर्चाची तयारी.

२ मे

घरी परतलो. अक्काच्या मनगटाला फडकं. "काटा लागला रे, बसवंता." पुढं विचारलं नाही. निवेदन लिहायचं होतं.

६ मे

अक्काला ताप. हाताला मुंग्या. पाणी दिलं तर घसा आवळला, तांब्या लोटून दिला.

शेजारची बेगमबी दारात रडायला लागली. "भाईजान, कुत्रं चावलं हो अक्काला. तुमी लातूरला गेले त्याच रोजी, टँकरपाशी. दोन रोजात ते कुत्रंबी मेलं. अक्कानं शपथ घातली मला, सांगू नको म्हनून."

धुतलं का नाहीस, अक्काला विचारलं.

"तूच म्हनलास की, तांब्याभर वाया घालवायचं न्हाई. मास्तराच्या भैनीनंच नियम मोडला तर बाया तुला हसतील. चुना-तिखट दाबलं. लई झोंबलं, पर ओरडले न्हाई."

७ मे

लातूरला आणलं. डॉक्टर हळू बोलले — "तेव्हाच साबणानं पंधरा मिनिटं धुतलं असतं, वरून पाणी सोडत. आणि लगेच पोटातली चौदा इंजेक्शनं..."

इंजेक्शनं होती. इथंच, दवाखान्याच्या कपाटात. समोरच्या मैदानात तीन आठवडे मी मांडव घालत होतो.

९ मे

अक्का गेली.

१२ मे

गावातला सिद्रामप्पा भेटायला आला. "नशीब, मास्तर. कुनाच्या हातात हाय?" जाताना म्हणाला, "तुमी गप बसून राहिले की भ्या वाटतं बघा."

१४ मे

आज टँकरवर चढलो नाही. खाली, बायांमधे उभा राहिलो.

"नियम माझा होता. अक्का त्यानं गेली. जनावर चावलं तर घागर रिकामी करा, जखम धुवा, मग दवाखाना. त्या कुत्र्यानं अजून कुणाला दात लावला?"

मग खाजामियाँच्या बिलकीसनं बाही वर केली. म्हाताऱ्या गुरम्मानं लुगडं घोट्यावरून उचललं. मग आणखी दोघी. चौघींच्या जखमांवर चुना वाळलेला.

"घागरी इथंच ठेवा," म्हणालो. "लातूरची गाडी उभी हाय. बसा."