रिकामा आकाशपाळणा

आई, वाकून नमस्कार. मी धडधाकट आहे, आधी हेच लिहितो.

उन्हाळ्यातला हा पाचवा मेळा. ट्रकमधून गावोगाव हिंडतोय, फुकटात देशाटन! बाबांचा खोकला कसा आहे?

गर्दी कुठेच नाही. रिकाम्या आकाशपाळण्याकडे कुणी फिरकत नाही, म्हणून मालक आम्हा कामगारांनाच त्यात बसवतो आणि मजा येतेय असं ओरडायला लावतो. मी साध्या झोक्यालाही घाबरायचो ना? आता सवय झाली. काळजी नको.

हसशील म्हणून सांगतो. काल वर गेल्यावर घराकडचा रस्ता दिसला आणि मी जिवाच्या आकांताने तुला हाक मारली. खालून मालक खूश होऊन म्हणाला, "शाब्बास! सगळ्यांनी अस्संच ओरडा!"

तरीही तिकिटाला कुणी आलं नाही.

तुझाच,
धाकटा