शिंगणापूरच्या शिवारातलं शीड

सोनई, तालुके नेवासे, जिल्हा नगर
फाल्गुन वद्य ५, शके १८६५

तीर्थस्वरूप सुमंतमामांचे चरणी भाचा नृसिंह याचा शिरसाष्टांग नमस्कार. आपलं कार्ड पोचलं. आपला दमा, मामींचा गुडघा आणि अंगणातला तो एका अंगाला कललेला माड, तिघांचीही प्रकृती ठीक आहे हे वाचून समाधान वाटलं. इकडे आम्ही उभयता जिवंत आहोत. (नुसतं 'खुशाल' लिहिणार होतो, पण प्लेगची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचली असणार, तेव्हा स्पष्ट लिहिलेलं बरं.) आपण विचारलं आहे की मचवा विकणारा तो तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, गुढीपाडव्यापर्यंतच थांबेल, त्यापुढे एक दिवस नाही, तरी पैसे तयार आहेत की नाहीत ते 'हो' किंवा 'नाही' एवढंच कळव. मामा, एवढंच कळवता आलं असतं तर मीही कार्डच लिहिलं असतं. हे पाच ताव लिहायची वेळ का आली ते आता आपणच वाचून ठरवावं, कारण मला ते नीट ठरवता आलेलं नाही.

मचव्याची कथा आपल्यापासूनच सुरू होते, त्यामुळे थोडा दोष आपल्याकडेही येतो. अकरा वर्षांपूर्वी आपल्या विजयाच्या लग्नाला आम्ही हर्णैला आलो, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आमच्या सोनईत पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसतं तेवढं. शिडं फुगवून बंदरात येणारे ते मचवे पाहिले आणि मी तिथेच वाळूत उभं राहून सौ. नीलांबरीला सांगितलं की शाळामास्तरकी फार तर दहा-बारा वर्षं, मग आपला स्वतःचा मचवा, त्यावर कौलं आणि नारळ भरायचे, आणि हर्णै ते दाभोळ करत सुखाने जगायचं. सोनईला परत आल्यावर तिने महिन्याचं तूप निम्मं केलं, आणि चौथ्या वर्षी हातातल्या पाटल्या काढून सोनाराकडे दिल्या. (मी तेव्हा मचव्यात बसून पाहिलं होतं का, असं आपण विचाराल. नाही, कारण त्या दिवशी ओहोटी होती. प्रवरासंगमाला एकदा गोदावरीच्या नावेत बसलो होतो, पण पलीकडच्या काठापर्यंत डोळे मिटून रामरक्षा म्हणत होतो, त्यामुळे तो अनुभव हिशेबात धरता येत नाही.) असे अकरा वर्षांत साडेसहाशे रुपये जमले आणि ते पिठाच्या डब्यात सुखाने होते.

मार्गशीर्षात गावात उंदीर पडू लागले. उंदीर पडले की गाव सोडायचं आणि शेतात झोपड्या करून राहायचं, ही इकडची जुनी रीत आहे. आता डबा घेऊन रानात कसा जायचा, आणि रिकाम्या घरात तरी कसा ठेवायचा? म्हणून पैसे कुठेतरी गुंतवावेत असं मी ठरवलं आणि जाणत्या चार माणसांना विचारलं. ही माझी पहिली चूक, कारण एकालाच विचारलं असतं तर गोंधळ चौपट झाला नसता. पोस्टमास्तर आप्पासाहेब म्हणाले, सरकारी सर्टिफिकिटं घ्या, बारा वर्षांनी दीडपट. मी म्हटलं, आप्पासाहेब, गावात प्लेग आणि जगात युद्ध, बारा वर्षांनी आपण दोघे आणि सरकार, तिघांपैकी कोण असेल? दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची सर्टिफिकिटं मोडायला अर्ज लिहिला असं ऐकतो. सोनार म्हणाला, सोनं घ्या. पण सांगताना तो स्वतःचं दुकान गाडीत भरत होता. वर्तमानपत्र म्हणत होतं, गिरण्यांचे शेअर घ्या, पण आमच्याकडे ते आठ दिवसांनी येतं, तेव्हा ते शहाणपणही शिळं. शेजारच्या शिंगणापूरचा गहिनीनाथ, म्हणजे ज्याच्या शेतात आम्ही पुढे बिऱ्हाड केलं तो, म्हणाला, "मास्तर, म्हस घ्या म्हस. नोटंला कुटं रेडकू व्हतंय?" मला हे सर्वांत पटलं, पण म्हैस मचव्यावर चढवायची कशी या विचारात दोन दिवस गेले.

तेवढ्यात मी डोकं चालवलं. (मामा, आपण इथे सुस्कारा टाकणार हे मला ठाऊक आहे.) युद्धाने सगळं महागतंय, तर मचव्याला पुढे जे लागणार तेच आज घेऊन ठेवलं की पैसेही गुंतले आणि कामही झालं. मचव्याला काय लागतं? शीड. नगरला लष्कराच्या लिलावातले जुने तंबू घेऊन विकणारा एक व्यापारी भेटला, आणि मी त्याच्याकडून दहा गठड्या तंबूचं जाडं कापड सहाशे रुपयांना घेऊन, दोन बैलगाड्या भरून, विजयी मुद्रेने सोनईत आलो. नीलांबरीने गाड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "एका मचव्याला शिडं किती लागतात?" हा प्रश्न मी व्यापाऱ्याला विचारायला हवा होता हे मला तेव्हा कळलं. आपणही कधी कळवलं नव्हतं. असो.

गाव उठलं. कडब्याच्या झोपड्या गारठ्यात काय टिकतात? नीलांबरीने मला न विचारता चार गठड्या उसवल्या आणि शिंगणापूरच्या शिवारात आलेल्या अकरा बिऱ्हाडांना शीड कापून वाटलं. मी म्हटलं, हे आपलं भांडवल आहे. ती म्हणाली, "मग भांडवलाखाली माणसं झोपू देत." गावातली चार माणसं या साथीत गेली. त्यांतली एक माझ्या तिसरीतली इंदू. तिचं नाव हजेरीपटावरून कमी करायचा वरून कागद आला आहे, आणि माझा हात अजून तिथवर गेलेला नाही. त्या दिवसांत भांडवलाचं दुःख मला फारसं वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

आता शिंगणापूरची रीत आपल्याला सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या गावात घराला दार लावत नाहीत. चौकट असते, पण दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. राखण शनिदेवाची. आम्ही विंचवाच्या भीतीने गहिनीनाथाच्या जुन्या बैलगाडीवरच बिऱ्हाड मांडलं होतं, वर कामट्या वाकवून तंबूचं कापड ताणलेलं. मी पुढच्या बाजूला, जुवाकडे, एक पडदा शिवून लावणार होतो. तर गहिनीनाथाची आई कडूबाई काठी टेकत आली आणि म्हणाली, "आमच्या शिवारात दार न्हाई, झाप न्हाई. देव राखनीला हाय, तुमाला काय झाकायचंय?" मी मास्तर माणूस, परक्या शिवारात राहिलेला. पडदा काढला. म्हणजे आमचं ते घर मागून आणि दोन्ही अंगांनी बंद, आणि पुढून आ वासलेलं. वारा आत शिरायला पुरी मोकळीक आणि बाहेर पडायला कुठे वाट नाही. ज्याने पूर्वी शिडाचा मचवा पाहिलेला आहे त्याला हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आणि मी तर तो अकरा वर्षं डोळ्यांपुढे पाहत होतो.

माघ सरता सरता एका सकाळी वारा सुटला. कापड फडफडू लागलं म्हणून मी त्याच्या कडांवर ठेवायला दगड शोधत होतो. रानात चांगले दगड हवे तेव्हा मिळत नाहीत. गाडी घसरू नये म्हणून चाकांना उटी लावलेले चार मात्र नामी होते. ते काढून मी आत, गाडीवर, कापडाच्या कडांवर ठेवले आणि शाळेचा पेटारा उघडून निकाल लिहायला बसलो. शेताचा उतार मागच्या अंगाला, विहिरीकडे. दोन ओळी लिहिल्या असतील. एकाएकी कापड टम्म फुगलं, कामट्या करकरल्या, आणि मामा, गाडी निघाली. बैल नाहीत, कोणी हाकत नाही, आणि गाडी पाठीकडून उताराला लागली. दांडी आणि जू मागे जमिनीवरून फरफटत येत होतं. मी पेटाऱ्याला मिठी मारली. बाहेर कडूबाई ओरडत होती, "आवो मास्तर, बैलाबिगर कुटं निघाला?" याचं उत्तर मलाही हवं होतं.

नीलांबरी जुवापाशीच धुणं वाळत घालत होती. तिने हातातलं लुगडं टाकलं, पदर खोचला, धावत येऊन जू धरलं आणि ओढायच्या ऐवजी ते एका अंगाला रेटलं. (ओढलं असतं तर ती फरफटली असती. हे तिला कसं सुचलं, मी विचारलेलं नाही.) गाडीने तोंड वळवलं. विहिरीचा काठ माझ्या डाव्या हाताला, मी थुंकलो असतो तर पाण्यात पडलं असतं इतक्या जवळून गेला. मग तिने दुसरीकडे रेटलं, आणि गाडी झोकात वळसा घेऊन कडब्याच्या गंजीत जाऊन रुतली. असा दोनशे पावलांचा प्रवास झाला. गहिनीनाथ धावत आला आणि त्याने गाडीकडे नाही, माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहून म्हटलं, "मास्तरीनबाई, लई ब्येस हाकली!" ती उभी होती, केस सुटलेले, तळहात सोललेले, आणि हसत होती. अकरा वर्षांत मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं की बरं वाटलं हे नक्की सांगता येत नाही, कारण त्या वेळी मी गंजीच्या पलीकडे जाऊन काही वेगळ्याच कामात होतो.

आता पैशांचं, म्हणजे आपला मूळ प्रश्न. साथीमुळे जिल्हाभर लोक रानात, आणि ज्याला त्याला झोपडीला कापड हवं. माघातच तो नगरचा व्यापारी स्वतः शिंगणापुरात हुडकत आला आणि न उघडलेल्या सहा गठड्यांचे साडेसातशे मोजून घेऊन गेला. मी दहा गठड्यांचे सहाशे दिले होते. चार फुकट वाटल्या, सहा विकल्या आणि पैसे वाढले. याला नफा म्हणावं, तर मी तो केलेला नाही. मूर्खपणा म्हणावं, तर पैसे डब्यात आहेत. उंदीर पडायचे थांबले, गाव घरी परतलं, आणि आता आप्पासाहेबांपासून सोनारापर्यंत सगळे संध्याकाळी ओट्यावर येऊन विचारतात, मास्तर, पुढे काय घ्यावं? मी कपाळाला आठ्या घालून 'वारा पाहून' असं म्हणतो. ते माना डोलावून जातात. तेव्हा आपल्या प्रश्नाचं उत्तर असं की पैसे तयार आहेत. एवढंच लिहून खरं तर पत्र संपवता येईल.

आपणा उभयतांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.
आपला आज्ञाधारक
नृसिंह

ता. क. मामींच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला शेकावा असं कडूबाई सांगते. तिच्या स्वतःच्या हातात काठी आहे हे लक्षात घेऊन काय ते ठरवावं.

आणखी एक ता. क. हे पत्र खरं तर इथून सुरू व्हायला हवं होतं. मामा, गंजीच्या पलीकडे मी ओकत होतो. कोरड्या जमिनीवर, दोनशे पावलांत. पुढे तीन दिवस मला अन्न गेलं नाही आणि टांगा समोर आला तरी मी पायीच चालू लागतो. हा माणूस हर्णै ते दाभोळ काय करणार? पण नीलांबरीने पाटल्या दिल्या, तूप सोडलं, अकरा वर्षं एका लुगड्यावर दुसरं घेतलं नाही, सगळं माझ्या या वेडापायी. तिला कोणत्या तोंडाने सांगू की समुद्र मला सोसणार नाही? मला लाज वाटते, मामा, फार वाटते. तरी एवढी एकच कृपा करावी. तिच्या नावे एक कार्ड लिहावं, की मचव्याची लाकडं कुजली, किंवा तो बुडाला, किंवा तांडेलाने दुसऱ्याला विकला. जे आपल्याला सहज लिहिता येईल ते. तिला वाईट वाटेल, पण ते माझ्यामुळे वाटणार नाही. पाडव्याच्या आत कार्ड यावं.

शेवटचा ता. क. सौ. नीलांबरीचा मामांना नमस्कार. पत्र डकवून पोस्टात टाकायचं काम नेहमी माझ्याकडेच असतं, ते इकडे लक्षात राहिलेलं दिसत नाही. गंजीपलीकडे पाण्याचा तांब्या मीच नेऊन दिला होता, तेही नाही. मचवा कुजला-बुडाला असं काही कळवू नये. डब्यातले सातशे मी परवाच आप्पासाहेबांकडून दोन मनिऑर्डरी करून आपल्या नावे पाठवले आहेत. तांडेलाला पावती माझ्या नावाची करायला सांगावं आणि सुकाणू धरायला शिकवणारं एखादं माणूस पाहून ठेवावं. त्या गाडीवरचं शीड मी जपून आणते आहे. अकरा वर्षं रोज समुद्र ऐकवला गेला, त्यात मलाच हौस लागली, त्याला मी काय करू? इकडच्यासाठी तिथल्या शाळेत एखादी जागा असेल तर बघावी. शाळा किनाऱ्यापासून लांब असली तरी चालेल, पण मचवा परत येताना खिडकीतून दिसेल इतकी जवळ असावी.